मुरगूडच्या जीपचा चौथा बॉक्स

माझी बायको म्हणते, या माणसानं उभ्या आयुष्यात माणसांचं कधी ऐकलं नाही, फक्त गिअरबॉक्सचं ऐकलं. तक्रार खरी आहे. जेवताना ती काही सांगत असायची आणि माझा अर्धा कान रस्त्यावरच्या गाडीकडे असायचा. चढाला दुसरा गिअर टाकताना कर्रकन आवाज आला, की मी घास हातात धरून म्हणायचो, याचं दोन महिन्यांत काम निघणार. बहुतेक वेळा निघायचंही. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून संपादक मागे लागले, तेव्हा वाटलं, बायकोचा हा आरोप एकदाचा कबूल करून टाकावा. कारण एकदा मी बॉक्सचं ऐकलं, माणसाचं ऐकलं नाही, आणि त्यात एका चांगल्या ड्रायव्हरचं नाव धुळीला मिळालं.

आम्ही शिकलगार. आजोबा विळ्या-कोयत्यांना धार लावायचे, वडील लेथवर उभे राहिले आणि मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं गिअरबॉक्स उघडले आणि मिटले. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन हा भरभर पळणारा पण अंगात फार जोर नसलेला गडी असतो. त्याचा वेग कमी करून जोर वाढवायचं काम लहानमोठी दातेरी चाकं करतात. ही चाकं तेलात बुडवून ज्या लोखंडी पेटीत बसवलेली असतात ती गिअरबॉक्स. आमच्यात नुसतं बॉक्स म्हणतात. जीपला या बॉक्सच्या पाठीला चिकटून आणखी एक लहान पेटी असते, तिला ट्रान्स्फर म्हणतात. एरवी जोर फक्त मागच्या चाकांना जातो. चिखल लागला की ड्रायव्हर एक जादा दांडा ओढतो आणि ही लहान पेटी पुढच्या चाकांनाही जोर देते. दोन्ही पेट्या पाठीला पाठ लावून बसतात आणि एकीतलं तेल दुसरीत जातं. हे तेलाचं ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

त्या काळी आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा जीप लष्कराच्या लिलावातून आलेल्या असत. लिलावात सबंध गाडी क्वचितच मिळे. एकीचं इंजिन, दुसरीची चेसीस, तिसरीची मागची चाकं असं गोळा करून आम्ही एक धावती जीप उभी करायचो. उद्यमनगरात एक शब्द दिवसातून शंभरदा ऐकू यायचा, "बसतंय की." बोल्ट भोकात गेला, झाकण लागलं, म्हणजे बसलं. नाही बसलं तर लेथ होताच. न बसणारी वस्तू बसवून दाखवणं यात आमची सगळी ऐट होती.

दुसरी एक रीत ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो त्या उस्तादांनी लावली होती. काम पुरं झालं की पेटी मिटण्यापूर्वी आतल्या अंगाला पंचनं आपली खूण ठोकायची. उस्तादांची खूण चांद होती, माझी तीन ठिपके. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नसे. उस्ताद म्हणायचे, पुढं कुणी उघडलं तर कुणाच्या हातचं आहे ते त्याला कळू दे. ते कौतुकानं म्हणत की धमकीनं, हे मला फार उशिरा समजलं.

गिऱ्हाइकं एकाहून एक. एका निवृत्त हेडमास्तरांनी बारा वर्षं गाडीचा तिसरा गिअर वापरलाच नव्हता. सभ्य माणसाला दोन पुरतात, असं त्यांचं मत होतं. त्यांचा बॉक्स उघडला तर तिसऱ्या गिअरचे दाते नव्या नवरीसारखे, बाकीचे पार झिजलेले. मी झिजलेल्यांच्या जागी नवे बसवून दिले आणि तिसराही वापरत जा म्हणून सांगितलं. ते "बघू" म्हणाले.

पण सांगायचंय ते मुरगूडच्या बळवंतअण्णांच्या जीपचं. अण्णा वेदगंगेच्या काठच्या खेड्यांतून दूध गोळा करून डेअरीला घालायचे. काळ्या रानातले रस्ते. पावसाळ्याचे चार महिने तिथं बैलगाडीही रुतायची. चार चाकांचा जोर असलेली जीप एवढी एकच गाडी आत जायची, म्हणून अण्णांनी कोल्हापुरातल्या एका व्यापाऱ्याकडून जुनी जीप घेतली होती. ड्रायव्हर ज्ञानू. तिशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा. दुधाचे कॅन डचमळू न देता चिखलातून गाडी काढायचा, असं खुद्द अण्णाच सांगायचे.

पहिल्या पावसाळ्यातच जीपचा मूळचा बॉक्स गेला. मी जुन्या बाजारातून दुसरा आणून बसवला. पुढच्या पावसाळ्यात तोही गेला. उघडला तर दाते खाल्लेले, बेअरिंग फुटलेलं, आणि तेलात लोखंडाचा कीस असा, की बोटांवर चांदी लावल्यासारखी दिसावी. लहान पेटीतली चाकंही घासलेली. मी बघताक्षणी निदान केलं. कडक रस्त्यावर चारही चाकांचा दांडा लावून गाडी पळवली की असंच होतं. डांबरावर चाकं घसरू शकत नाहीत, पुढची आणि मागची एकमेकांना ओढतात, लहान पेटीतली चाकं घासली जातात, तिथला कीस तेलाबरोबर मोठ्या बॉक्समध्ये जातो आणि तो त्याला आतून खातो. अण्णांच्या देखत मी ज्ञानूला विचारलं, डांबरावर दांडा लावतोस का म्हणून.

तो म्हणाला, चिखल सोडून आपण कधी लावलेला नाही. मग थोडं थांबून म्हणाला, "मिस्त्री, चार चाकं लावली की गाडी आपल्या आपल्यातच भांडतीया. पुढची चाकं निघत्यात आन् मागची धरून ठेवत्यात. हाताला कळतंय की."

मला हसू आलं. दोन बॉक्स मोडून वर हा मलाच गाडी शिकवतोय. त्या दिवशी आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर पाच-सहा ड्रायव्हर बसले होते. मी तिथं ही गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणालो, "ज्ञानू कसला, बॉक्समोड्या हाय ह्यो."

कोल्हापुरात माणसाला पडलेलं नाव तिरडीपर्यंत सोबत करतं. आठवड्यात ते कागलला पोचलं, पंधरवड्यात मुरगूडला. अण्णांनी ज्ञानूला कामावरून काढलं. मला त्याचं फार काही वाटलं नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते. माझं निदान बरोबर होतं आणि निदानाला चहाच्या गाड्यावर टाळी मिळाली होती, एवढ्यावर मी खूश होतो.

अण्णांनी नवा ड्रायव्हर ठेवला, मी तिसरा बॉक्स बसवला, आणि तो पुढच्या वर्षी ऐन आषाढात मोडला. तसेच खाल्लेले दाते, तसाच कीस. अण्णा म्हणाले, हेही बेणं तसलंच निघालं. मीही मान हलवली. दोन वेगळ्या माणसांचा हात अगदी एकसारखा वाईट कसा, हा प्रश्न मला त्या दिवशी पडायला हवा होता. पडला नाही, कारण माझ्यापुढं दुसरंच संकट उभं होतं. त्या जातीचा बॉक्स आता बाजारात कुठंच मिळेना.

लिलावाच्या जुन्या गाड्या संपत आल्या होत्या. देशात बनणाऱ्या नव्या जीपचे बॉक्स मिळत होते, पण ते वेगळे. बाहेरून भाऊ-भाऊ दिसतात, म्हणून अनाडी माणूस फसतो. बॉक्स जुळवायचा तर तीन गोष्टी बघायच्या. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्यावरचे खाचे आपल्या क्लच प्लेटमध्ये, म्हणजे इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या तबकडीत, जायला हवेत. त्या दांड्याची लांबी बरोबर हवी, नाहीतर त्याचं टोक फ्लायव्हीलमधल्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकामधल्या, भोकात एक तर पोचत नाही किंवा जास्त घुसतं. आणि पुढची-मागची बोल्टांची भोकं जुळायला हवीत. मी एका मोडक्या क्लच प्लेटचा मधला तुकडा सुतळीला बांधून गळ्यात अडकवला, भोकांचे छाप एका पुठ्ठ्यावर घेतले आणि लांबीच्या खुणा एका काठीवर चाकूनं केल्या. हे तीन दागिने घेऊन मी सांगली, मिरज, बेळगाव, पुण्यापर्यंतचे भंगारबाजार पालथे घातले. मिरजेतला एक भंगारवाला मला बघून म्हणाला, या पावणं, कुणाची पत्रिका जुळवायला निघालाय?

एकदा खाचे जुळले, पण काठी दोन बोटं कमी पडली. बेळगावात काठी जुळली तर पुठ्ठा नडला. नव्या जातीचा बॉक्स आणून लेथवर कापून बसवावा, असंही मनात आलं, पण दांडा कापला तर त्यावरचं पाणी जातं आणि तो मऊ पडतो. महिना गेला. अण्णांचं दूध डोक्यावरून येत होतं, बायका कंबरभर चिखलातून घागरी घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चालत होत्या आणि अर्धं दूध वाटेत नासत होतं. अण्णा दर सोमवारी येऊन माझ्या शेडमध्ये तासभर बसायचे आणि उठून जायचे. ते मला शिव्यांपेक्षा जड जायचं.

शेवटी एका पंपवाल्यानं सांगितलं, कुरुंदवाडजवळ एका गुऱ्हाळात जीपचा बॉक्स पाहिलाय. मी दुसऱ्याच दिवशी गेलो. बाबगोंडा नावाचे साठीचे शेतकरी. त्यांनी ऑइल इंजिन आणि उसाचा चरक यांच्यामध्ये चक्क जीपचा बॉक्स बसवला होता. रस काढताना पहिला गिअर, चरक रिकामा असला की तिसरा. मी बघत राहिलो. जिथं इंजिन असेल तिथं आमचा माणूस काहीतरी बसवणारच. हंगाम नसल्यानं सगळं बंद होतं. मी गळ्यातला तुकडा दांड्यावर सरकवला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला. काठी लावली, पुठ्ठा लावला. तिन्ही जुळलं.

बाबगोंडांना बॉक्स सोडवेना. चांगली चालती वस्तू का म्हणून देऊ, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मी त्यांना ट्रकचा एक मोठा बॉक्स आणून चरकाला स्वतः बसवून देतो म्हणालो, आणि खरंच दोन दिवस तिथं राहून बसवून दिला. निघताना त्यांनी मला गूळ दिला आणि सहज विचारलं, "माझ्याकडं ह्यो सात हंगाम चालला बघा. दिवसभर चरक वडायचा. ह्येला काय बी झालं न्हाय. तुमच्या त्या जीपमदी वर्साला एक, आसं तीन कसं काय मोडलं?"

ड्रायव्हर बरे नाहीत, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "तिन्ही?"

ड्रायव्हर दोनच होते. पण मी गूळ पिशवीत टाकला आणि निघालो. बॉक्स पोत्यात गुंडाळून एसटीच्या मागच्या सीटखाली ढकलला. कंडक्टरनं त्याचं लगेजचं तिकीट फाडलं आणि आत काय आहे विचारलं, तेव्हा मी नुसता गूळ म्हणालो. माझं डोकं भलतीकडंच होतं. हा बॉक्स गेला तर पाचवा मिळणार नव्हता. आणि मला प्रथमच ज्ञानूचं ते वाक्य शब्दाला शब्द आठवलं. पुढची निघत्यात, मागची धरून ठेवत्यात.

शेडमध्ये आल्यावर मी बॉक्स बसवलाच नाही. आधी एक पोरकट वाटेल असा खेळ केला. जीपखाली पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जाणारे दोन लांब दांडे असतात. जुन्या जीपमध्ये गाडी नुसती ढकलली तरी दोन्ही फिरतात. दोन्हींना मी दोरीची एकेक गाठ बांधली आणि गाठ आपटेल अशा बेतानं खाली पत्र्याचे दोन डबे बांधले, एक तेलाचा, एक बिस्किटांचा. चाकांवर खडूनं रेघ मारली. शेडमधल्या चौघांनी जीप ढकलायची, चाकांचे दहा फेरे मोजायचे. मी पुढचा डबा मोजणार, आमचा वेल्डर मागचा. चहाच्या गाड्यावरचे सगळे ड्रायव्हर उठून बघायला आले. कुणी म्हणालं, मिस्त्री वरात काढतोय.

दहा फेरे झाले. माझे एकोणपन्नास ठोके. वेल्डर म्हणाला चौपन्न. मी त्याला म्हणालो, तू चुकलास. जागा बदलून पुन्हा ढकलली. आता मागचे ठोके मी मोजत होतो. चौपन्न.

चाकं चारही सारखी, टायर सारखे, फेरे सारखे. तरी मागचा दांडा पाच फेरे जास्त फिरत होता. म्हणजे दोन्ही दांडे एकत्र जोडून सारखे फिरवले, की मागची चाकं हळू जाणार आणि पुढची पुढं ओढणार. ड्रायव्हरनं चार चाकांचा दांडा ओढला की गाडी आपल्या आपल्यातच भांडणार, चिखलात थोडी, कडक वाटेवर भरपूर. ज्ञानूला जे हाताला कळलं होतं ते मला दोन डबे बांधून कळलं.

मी पुढच्या दोन आणि मागच्या दोन चाकांच्या मधल्या पेट्या उघडल्या. पुढच्या मोठ्या दातेरी चाकाला एकोणचाळीस दाते. मागच्याला त्रेचाळीस. मागचा सबंध जोड, म्हणजे हे मोठं चाक आणि त्याला फिरवणारं लहान चाक, दुसऱ्या गाडीचा, नव्या जातीचा. बाहेरून हुबेहूब, बोल्टही तेच. कुणीतरी कित्येक वर्षांपूर्वी दाते न मोजता बसवून दिला होता. कोण तो गाढव म्हणून मी पेटीचं आतलं अंग चिंधीनं पुसलं. तीन ठिपके होते.

माझेच. मग हळूहळू सगळं आठवलं. उस्ताद हयात असतानाच ती जीप त्या व्यापाऱ्यानं आमच्याकडे आणली होती. मागचा जोड गेला होता, मी भंगारातून एक उचलला, लावून बघितला आणि म्हणालो, बसतंय की. व्यापाऱ्यानं जन्मात कधी चार चाकांचा दांडा ओढला नाही, तो लग्नाला आणि सिनेमाला जीप न्यायचा. माझी चूक तिथं सुखानं झोपली होती. अण्णांनी जीप घेतली, ज्ञानूनं चिखलात प्रथमच तो दांडा ओढला आणि ती जागी झाली. तीन बॉक्स मी मोडले होते.

एक सांगतो, कारण खोटं लिहून उपयोग नाही. त्या ठिपक्यांवर कानस मारावी, असं क्षणभर मनात आलं. ड्रायव्हर मघाशीच चहाला परतले होते, वेल्डर हात धूत होता. मग उस्तादांचं वाक्य आठवलं आणि मी अण्णांना निरोप पाठवला.

अण्णा आले. मी त्यांना दाते मोजायला लावले आणि ठिपके दाखवले. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी दाते आणखी एकदा मोजले आणि ते म्हणाले, "जीप तुमी दुरुस्त कराल, त्ये मला ठावं हाय. पण ज्ञानूच्या दारात तुमीच जावा. मी बी त्येला बोलू नये त्ये बोललोय."

ज्ञानू मुरगुडात नव्हता. बॉक्समोड्याच्या हातात कुणी स्टिअरिंग देईना, म्हणून कसबा बावड्याला साखर कारखान्यावर मिळेल ते अंगमेहनतीचं काम करत होता. मी गेलो तेव्हा तो झाडाखाली भाकरी खात होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, एकोणचाळीस, त्रेचाळीस आणि तीन ठिपके. त्यानं भाकरी पुरी खाल्ली, तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं.

"मी सांगितलं हुतं तुमास्नी," तो म्हणाला.

"व्हय. सांगितलंतंस."

अण्णा परत बोलावतायत, म्हणालो. आधीपेक्षा पगार जास्त देतील. तो म्हणाला, "नोकरीचं बघू वो. माझी बायकू पाण्याला गेली की बायका तिला त्या नावानं वळखत्यात. पोराला शाळंत त्येच म्हणत्यात. त्ये नाव तेवढं परत घ्या, मिस्त्री."

परत येताना सायकलवर मी एवढाच विचार करत होतो. नाव परत घेता येत नाही. ते हवेत सोडून दिलं तर पुन्हा त्याच माणसावर जाऊन बसतं. एकच उपाय होता. दुसऱ्या दिवशी ज्ञानूला घेऊन मी चहाच्या गाड्यावर गेलो, गर्दीच्या वेळी मुद्दाम. ती दोन दातेरी चाकं पिशवीतून काढून बाकावर ठेवली आणि जिथं ती गोष्ट रंगवून सांगितली होती तिथंच ही दुसरी गोष्ट सांगितली. पहिलीपेक्षा जास्त रंगवून. माझं निदान, माझी ऐट, गळ्यातला तुकडा, डबे, ठिपके, काही सोडलं नाही. कुणी हसलं नाही, त्यामुळे सांगणं फार अवघड गेलं. शेवटी मागच्या बाकावरचा एक म्हातारा टांगेवाला म्हणाला, "मग बॉक्समोडे तुमीच की वो, शिकलगार."

मग मात्र सगळे हसले. ज्ञानूही हसला. मी त्याला हसताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

जुळणारा मागचा जोड महिन्याभरात मिळाला. माझ्याच शेडच्या मागच्या भंगारात तो वर्षानुवर्षं पडून होता. या वेळी दाते मोजले, दोनदा. चौथा बॉक्स बसला आणि ज्ञानूनं तो पुढं नऊ पावसाळे चालवला. जीप मोडीत निघाली तेव्हाही तो बॉक्स चांगला होता. त्यानंतर माझ्या शेडमध्ये गाडी आली की मी मालकाला बाजूला बसवायचो आणि आधी ड्रायव्हरला विचारायचो, हाताला काय कळतंय. निम्मी कामं तिथंच उलगडायची. बायकोचं म्हणणं, ही सुधारणा घरापर्यंत आली नाही.

नाव मात्र टिकलं. पुढं कितीतरी वर्षांनी निपाणीहून एक गिऱ्हाईक आलं आणि कोपऱ्यावर विचारू लागलं, बॉक्समोडे मिस्त्रींचं गॅरेज कुठं आहे, मोठं नाव ऐकलंय. तेव्हा केस पिकलेला ज्ञानू तिथंच चहा पीत बसला होता. त्यानं माझ्या शेडकडे बोट दाखवलं.

"त्ये काय, समोरच. नाव तसं माझं हुतं, पावणं. ह्यांनी मागून घेटलं."